आज्जाचा लढाईतला बिगुल आणि विजापूर वेशीतले चाचा : वाद्य रिपेअरचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकतो. कामाला पाचपैकी पाच. वेळ पाळण्याला दोन. पैशाला पाच. माणसाला किती द्यायचे ते खाली वाचा आणि तुम्हीच ठरवा.

हा रिव्ह्यू कुठल्या मोठ्या शोरूमचा नाही. सोलापुरात विजापूर वेशीच्या बाजूला एका गल्लीत दहा बाय आठची खोली आहे, वर पाटी नाही, दारात दोन फुटके सॅक्सोफोन आणि एक भला मोठा युफोनियम टांगलेला असतो, तीच पाटी. आत एक चाचा बसतात, वय सत्तरीच्या पुढं, सोबत नातू. सोलापूर जिल्ह्यातले आणि तिकडं धाराशिव, लातूरकडचे बँडवाले लग्नसराई सुरू व्हायच्या आधी आपापले ट्रंपेट-क्लॅरिनेट घेऊन इथंच येतात. नाव-नंबर टाकू नका असं चाचांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण वेशीत कुठल्याही बँडवाल्याला विचारा, तो हात धरून नेऊन सोडतो. मला तसंच सोडलं होतं.

आता वस्तूबद्दल. आमचे आजोबा, घरात आम्ही सगळे आज्जाच म्हणायचो, माढा तालुक्यातले. १९४१ साली भरती झाले, बेळगावला ट्रेनिंग, मराठा लाइट इन्फंट्री, जंगी पलटण म्हणजे तिची पहिली बटालियन. तिथं बिगुलर होते. लाइट इन्फंट्रीत बिगुलाचा मान वेगळा असतो, कारण जुन्या काळी या पलटणी पांगून लढायच्या आणि पांगलेल्या माणसांपर्यंत ढोलापेक्षा बिगुलाचा आवाज लांब आणि स्पष्ट जायचा, म्हणून तर आजही या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर बिगुल आहे. पण आज्जा ज्या लढाईत गेले तोवर वायरलेस आणि टेलिफोन आले होते, प्रत्यक्ष फायरिंगमध्ये बिगुल वाजवून हुकूम द्यायचे दिवस संपले होते. मग बिगुलरनी करायचं काय, तर कॅम्पात सकाळी उठवायचं, जेवणाची वेळ सांगायची, रात्री दिवे मालवायची खूण द्यायची, आणि लढाई पेटली की बिगुल बाजूला ठेवून स्ट्रेचर उचलायचं. बँडवाले आणि बिगुलर यांना जखमी उचलायचं काम देणं ही फौजेतली जुनीच पद्धत. आज्जा म्हणायचे, वाजवलं कमी आणि माणसं उचलली जास्त.

इटलीत गेले १९४३ मध्ये, आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर. एकूण तीन इंडियन डिव्हिजन त्या देशात लढल्या, चौथी, आठवी आणि दहावी. मराठ्यांचे दोन व्हिक्टोरिया क्रॉस (इंग्रजांच्या फौजेतलं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक) तिथलेच, नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबरच्या खोऱ्यात, आणि शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर. नामदेव जाधव तर आज्जांच्याच बटालियनचे. त्यांच्याबद्दल बोलताना आज्जा बसलेले असले तर उठून उभे राहायचे, हे मी लहानपणी स्वतः बघितलंय.

बिगुलाची गोष्ट मात्र सांग्रो नदीवरची. नोव्हेंबर १९४३, पाऊस लागलेला, नदी फुगलेली, गुडघाभर चिखल, गाड्या अडकायच्या म्हणून सामान खेचरांवर. आज्जांचा बिगुल एका खेचराच्या ओझ्यात बांधलेला होता, ते खेचर उतारावर घसरलं आणि दारूगोळ्याची पेटी बिगुलावर आली. माउथपीसपासून वीतभर पुढं, पहिल्या वळणाच्या तोंडाशी मोठा पोचा पडला. आम्हा पोरांना कितीतरी वर्षं वाटायचं की तिथं जर्मन गोळी लागली, शाळेत मी तसं सांगितलंपण होतं, पण आज्जा स्वतः कधी तसं म्हणाले नाहीत, खेचर म्हणजे खेचर. तो पोचा पडला म्हणून स्टोअरवाल्यांनी बिगुल निकामी लिहून टाकला, आज्जांना दुसरा मिळाला, आणि हा भंगारात जाणारा त्यांनी मागून घेतला. म्हणजे बघा, सरकारी माल होता, धड असता तर परत जमा करावा लागला असता. पोचा पडला म्हणून तो सोलापूरला आला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९४६ ला घरी आले, मग लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर लागले ते रिटायर होईपर्यंत. खंडेनवमीला आमच्याकडं पूजेत कोयता, विळी, आज्जांचा मिलमधला धोटा आणि शेजारी हा बिगुल, असं मांडलेलं असायचं. आजी आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून तो घासायची, तांब्याचा बंब घासावा तसा. दर १५ ऑगस्टला चाळीत झेंडावंदनाला आज्जा तो वाजवायचे. १९९६ ला गेले, त्यानंतर बिगुल सोलापुरी चादरीत गुंडाळून ट्रंकेत.

मागच्या वर्षी माझी मुलगी आठवीत गेली आणि शाळेच्या बँडपथकात बिगुलाला तिचं नाव लागलं. तेव्हा ट्रंक उघडली. अवस्था वाईट होती. सांध्यावरचा जुना डाग सुटलेला, माउथपीस हरवलेलं, आतून कळंक चढून हिरवं झालेलं, आणि तो पोचा होताच.

इथं एक चूक झाली ती पण लिहितो म्हणजे तुम्ही करणार नाही. मी पहिल्यांदा तो पितळ-तांब्याचं पॉलिश करून देणाऱ्या एका दुकानात नेला (नाव लिहीत नाही). त्यांनी विचारलं काही नाही, मशिनवर बफ लावायला सुरुवात केली, मी बाहेर चहा घेऊन येईपर्यंत बेलची, म्हणजे बिगुलाच्या पुढच्या रुंद तोंडाची, एक बाजू सोन्यासारखी चमकत होती आणि तिथं कोरलेली अक्षरं गेली होती. आता त्यावर फक्त लंडन एवढा शब्द आणि सरकारी बाणाच्या खुणेचा अर्धा भाग दिसतो. साल होतं, नंबर होता, दोन्ही गेले. आजीनं पन्नास वर्षं चिंचेनं घासूनही जे शिल्लक होतं ते मशिननं दहा मिनिटांत नेलं. वर म्हणाले लॅकर मारून देतो, परत घासायची कटकट नाही. मी पैसे देऊन उचलून आणला. त्या दिवशी रात्री जेवण गेलं नाही मला.

म्हणून चाचांकडं गेलो तेव्हा मी घाबरूनच होतो. डिसेंबरचा पहिला आठवडा, सोबत आमचे वडील, अप्पा, आता पंचाहत्तरीला आलेत, त्यांनी हट्टच धरला की मी येणार. चादर सोडली, बिगुल पुढं ठेवला. चाचांनी हात लावायच्या आधी विचारलं, "साहेब, वाजवायचाय का ठेवायचाय?"

मी म्हणालो म्हणजे काय. तर म्हणाले, "ठेवायचा आसंल तर मी काईच करणार नाई, नुसता धुऊन देतो, दोनशे रुपये द्या. वाजवायचा आसंल तर पत्र्याला हात लावायला लागंल. दोन्ही कामं येगळी हायत."

एवढा साधा प्रश्न, पण पहिल्या दुकानात कुणाच्या डोक्यात आला नाही. मी म्हणालो वाजवायचाय, पोरगी वाजवणार आहे. मग त्यांनी बिगुल उचलला, नखानं बेलवर टिचकी मारून कान लावला, मग दुसरीकडं टिचकी, असं चार-पाच ठिकाणी. खाली ठेवला आणि अप्पांना विचारलं, "आब्बा कसे वाजवायचे? म्हणून दाखवा की."

अप्पांनी आयुष्यात कधी गाणं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पण ते म्हणाले. डोळे मिटून, झेंडावंदनाचं ते वाजवणं, तोंडानं, टँ टँटँ करत. मी ते लहानपणी ऐकलेलं, मला पण ओळखू आलं. चाचांनी पूर्ण ऐकलं, मग परत म्हणायला लावलं, आणि मग म्हणाले, "वरचा पंचम कुठंच येत नाई. गंधार पण नुसता शिवून सोडला. आब्बांना येत नव्हतं आसं नाई, बिगुल देत नव्हता. पोचा बरोब्बर वाईट जागी हाय."

हे समजण्यासाठी बिगुल म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. त्याला बटणं नसतात, भोकं नसतात. साधारण साडेचार फुटांची एकच तांब्याची नळी, दोन वेटोळी मारलेली, माउथपीसकडं निमुळती आणि पुढं रुंद होत गेलेली. बोटांनी काही बदलता येत नाही, जे करायचं ते ओठांनी आणि श्वासानं, म्हणून त्यातून मोजके स्वर निघतात. फौजेतला बिगुल बी फ्लॅटचा, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. ती सा धरली तर सा, प, वरचा सा, त्याच्या वरचा ग आणि प, बस. या पाचांत फौजेचा सगळा दिवस मावतो, उठण्यापासून दिवे मालवण्यापर्यंत, शेवटी शहिदांना मानवंदना देताना वाजवतात ते लास्ट पोस्टपण याच पाचांत. रे नाही, म नाही, ध-नी नाही. (मराठा रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनला काली पाचवी म्हणतात, आज्जा तिच्यातले नव्हते, पण काळी पाच म्हटलं की मला ते आठवतंच.)

चाचांनी सांगितलं की बेलकडं नळी रुंद असते, तिथं कितीही पोचे पडले तरी दिसायला वाईट पण आवाजाला फार फरक नाही. माउथपीसजवळ नळी बोटाएवढी पण नसते, तिथं थोडं जरी चेपलं तरी श्वासाला अडतं, आणि वरचे स्वर चोंदतात नाहीतर बेसूर निघतात. आज्जांना हे माहीत असणारच. त्यांनी काय केलं असेल तर जे स्वर येतात त्यांच्यातच बसवलं, वरचा प आला की तिथं वरच्या सा वरच थांबायचं. आणि आम्ही तीन पिढ्या तेच खरं म्हणून ऐकत आलो.

अप्पा गप्प झाले. बराच वेळानं म्हणाले, "म्हणजे आज्जांना पूर्ण वाजवायचं होतं." चाचा म्हणाले, "फौजेत शिकलेला माणूस हाय, त्याच्या कानात पूर्णच वाजत आसंल."

मग मी ती खेचराची गोष्ट सांगितली, आणि हे पण की पोचा पडला म्हणूनच बिगुल घरी आला. त्यावर चाचांनी लगेच काम घेतलं नाही. म्हणाले दोन दिवस विचार करा, पोचा काढला की तो परत येत नाही, मी म्हातारा माणूस, उद्या तुमच्या घरात कुणी म्हणायला नको की खूण घालवली. मला आजवर कुठल्या मेकॅनिकनं, डॉक्टरनं, कॉन्ट्रॅक्टरनं दोन दिवस विचार करायला सांगितलेलं नाही. आम्ही घरी बसून चर्चा केली, आत्या म्हणाली हात लावू नका, काका म्हणाले सरळ करून टाका नवा दिसला पाहिजे, शेवटी अप्पांनीच ठरवलं की स्वर पाहिजे.

चाचांनी मग मधला मार्ग सांगितला. पत्रा एकच असतो, आतून उचलला की बाहेरूनही उचलला जाणारच, पण एकदम गुळगुळीत सपाट करायला शेवटी बाहेरून घासावं लागतं आणि घासलं की जुना पत्रा पातळ होतो. ते म्हणाले मी तीन हिस्से उचलतो, एक हिस्सा राहू दे, श्वास जाईल तेवढं मोकळं करतो, वरून हात फिरवला तर खळगा लागला पाहिजे.

काम करताना दोन वेळा मी बसून बघितलं, ते थोडं लिहितो कारण मला हे कुठं वाचायला मिळालं नव्हतं. वळलेल्या नळीत सरळ सळई जात नाही. त्यांच्याकडं एका लाकडी खोक्यात पोलादी गोळ्या आहेत, शंभरच्या वर असतील, एकमेकींपेक्षा केसभर मोठ्या. नळी निमुळती असल्यामुळं गोळी बेलमधून आत सोडली की आपल्या मापाच्या जागी जाऊन अडकते, म्हणजे एक गोळी एकाच जागेच्या कामाची. पोच्यासाठी अगदी छोटी गोळी आत सोडायची, ती फिरत फिरत दोन वेटोळी उतरून पोच्यापाशी अडकते, मग तिच्या मागून आणखी बारक्या गोळ्या सोडायच्या आणि बिगुल हातात धरून हलवायचा, मागच्या गोळ्या पुढच्या गोळीवर हातोड्यासारख्या आपटतात आणि ती इंच इंच नाही, सुतासुतानं पुढं सरकते. बाहेरून छोट्या गुळगुळीत हातोडीनं पोच्याच्या कडेकडेनं ठोके. मग गोळी परत काढायची, त्याहून केसभर मोठी टाकायची. असं किती वेळा ते मी मोजणं सोडून दिलं.

त्याच्या आधी तेवढ्याच जागेला गरम केलं, कारण तांबं ठोकून किंवा चेपून कडक होतं आणि गरम केलं की परत नरम पडतं, ऐंशी वर्षांपूर्वीचा कडक झालेला पोचा तसाच ठोकला तर चिरतो. आणि गरम करताना बाजूच्या सांध्यांना ओली फडकी गुंडाळलेली, नाहीतर तिथला कथलाचा डाग वितळून सगळं सुटणार. एका हातात आगीचा टॉर्च, दुसऱ्या हातानं फडक्यावर पाणी, नातू शेजारी वाटी धरून बसलेला, कुणी एक शब्द बोलत नव्हतं.

सुटलेला सांधा चांदीच्या झाळेनं नाही तर कथलानंच जोडला. मी विचारलं मजबूत कुठला, तर म्हणाले चांदीचा मजबूत, पण त्याला ताव जास्त लागतो, तेवढ्या तावात जुना रंग उडतो आणि पत्रा लोण्यासारखा होतो, आणि आधी ज्यानं बनवला त्यानं इथं कथीलच वापरलंय तर आपण का बदलायचं. मग गळती बघायला बेलच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बसवलं, बादलीत बुडवून दुसरीकडून फुंकलं, पंक्चर काढताना बघतात तसे बुडबुडे. दोन ठिकाणी आले, त्यातलं एक मला कधीच दिसलं नसतं इतकं बारीक. दोन्ही बंद केले.

माउथपीसची वेगळी गोष्ट. मी ऑनलाइन ट्रंपेटचं एक मागवलं होतं, चाचांनी ते बसवून बघायच्या आधीच बाजूला ठेवलं. याचा दांडा वेगळ्या मापाचा, कागद गुंडाळून बसवतात पोरं पण मग हवा गळते आणि स्वर हलतात, आणि याची वाटी उथळ आहे, बिगुलाला खोल वाटी लागते, खोल वाटीनं आवाज गोल येतो. ड्रॉवरमध्ये शोधून शोधून एक जुनं काढलं, वरचा मुलामा गेलेला, म्हणाले हे कुठल्यातरी पोलीस बँडच्या बिगुलाचं असेल, पंधरा वर्षं पडून आहे. ते खट करून बसलं. त्यावर चांदीचा नवा मुलामा चढवून घेतला, ओठाला पितळ लागू नये म्हणून, ते एक काम बाहेरून करून आणलं त्यांनी.

पॉलिश केलंच नाही. आतली कळंक कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि लांब ब्रशनं काढली, चार वेळा पाणी बदललं. बाहेरून फक्त मऊ फडकं. बफ मारलेली ती चमकणारी बाजू तशीच राहिली आहे, काळी पडायला काही वर्षं जातील म्हणाले, पण पडेल. आणि आता चिंच नको, पितांबरी नको, खंडेनवमीला नुसतं हळदकुंकू. आजी असती तर ऐकलं नसतं तिनं, पण माझ्या बायकोनं ऐकलंय.

आता तक्रारी. आठ दिवस सांगितले होते, लागले सहा आठवडे. डिसेंबरात लग्नं, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला वाजवणारे बँडवाले रात्री अकराला पण दुकानात येऊन बसलेले, त्यांची वाद्यं आधी, आपलं नंतर. हे मला पटलं, त्यांचं पोट त्यावर आहे, पण मग आठ दिवस सांगायचं कशाला. फोन उचलत नाहीत. पावती नाही, वस्तू घेतल्याची नोंद नाही, एवढी मोलाची वस्तू मी नुसत्या विश्वासावर सोडून आलो आणि सहा आठवडे झोप लागली नाही, त्यांनी एक वही ठेवली तरी पुरे आहे. नातवाला मी हे बोललो, तो म्हणाला करतो. फक्त कॅश. गाडी लावायला जागा नाही, दत्त चौकात लावून चालत या. आणि ब्रासच्या कामाला माझे पाच स्टार, क्लॅरिनेटचं मला सांगता येणार नाही कारण ते काम आता नातू करतो आणि तो अजून शिकतोय असं चाचा स्वतःच सांगतात.

बिल ऐका. पोचा, दोन गळत्या, सांधा, माउथपीस मुलाम्यासकट, साफसफाई, सगळं मिळून अठराशे रुपये. मी दोन हजार दिले तर दोनशे परत केले.

एक सूचना लिहितो, कारण वेशीत बसलो असताना दोन जण असे बिगुल घेऊन आलेले बघितले. लढाईतला जुना बिगुल म्हणून शोभेचे पितळी बिगुल विकले जातात, जुनाट दिसावेत म्हणून ते काळे केलेले असतात. ते घरात टांगायला ठीक, पण चाचांनी त्यातला एक वाजवून दाखवला, दोन स्वर जेमतेम जुळले. आपल्या आज्जाच्या बिगुलाचं अंग तांब्याचं आहे आणि कडा, सांधे पितळेचे, फौजेतले तसेच असायचे. ज्यांच्या घरात खरोखर आजोबा-पणजोबांचा आहे, कॉर्नेट असो, बिगुल असो, त्यांनी आधी त्यावरच्या खुणा आणि अक्षरांचे फोटो काढून ठेवा, मग कुणाच्याही हातात द्या. मी काढले नव्हते.

आणायला गेलो तो दिवस जानेवारीतला रविवार. अप्पा, मी, मुलगी, आणि हात लावू नका म्हणणारी आत्या पण. चाचांनी रस्त्यावर येऊन वाजवला, दुकानात नको म्हणाले, भिंती जवळ आहेत. आधी नुसते पाच स्वर एकामागून एक, मग तेच झेंडावंदनाचं जे अप्पांनी म्हणून दाखवलं होतं, पण या वेळी पूर्ण, वरच्या गंधारासकट, पंचमासकट. सहा आठवड्यांपूर्वी एकदा-दोनदा ऐकलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. गल्लीतली पोरं थांबली, समोरचा चहावाला बाहेर आला. मी अप्पांकडं बघितलं तर त्यांचा चेहरा गोंधळलेला. म्हणाले, "छान आहे. पण हे आज्जांचं नाही."

मला क्षणभर वाटलं सगळं चुकलं. चाचांना राग आला नाही. त्यांनी परत माउथपीस ओठाला लावलं आणि आता वरचा पंचम सोडून वाजवलं, तिथं वरच्या सा वर थांबून, बरोब्बर आज्जा थांबायचे तसं. अप्पा तिथंच युफोनियमच्या खाली स्टुलावर बसले आणि रडले. आत्यानं बिगुल मागून घेतला, पोच्याच्या जागी अंगठा ठेवला, खळगा लागतो का बघितलं. लागला. मग काही बोलली नाही.

सांग्रो नदीजवळ इटलीत एक युद्ध स्मशानभूमी आहे, तिथं दहन केलेल्या पाचशेवर हिंदुस्थानी सैनिकांचं वेगळं स्मारकपण आहे. त्यातली काही माणसं आज्जांनी स्ट्रेचरवर उचललेली असणार. तिथं कधी जायला जमेल माहीत नाही, पण त्या नदीवरचा बिगुल आता आमच्या घरात रोज वाजतो. मुलीला चार स्वर आलेत, सगळ्यात वरचा अजून नीट लागत नाही. चाचांना विचारलं तर म्हणाले आता बिगुलात दोष नाही, ओठ बनायला सहा महिने लागतात, रोज दहा मिनिटं, जास्त नाही. ती गच्चीवर जाऊन संध्याकाळी वाजवते, पूर्ण वाजवायचा प्रयत्न करते, आणि शेवटी एकदा खाली बसलेल्या अप्पांसाठी वरचा पंचम सोडून.

चाचांकडं जायचं असेल तर सकाळी अकरानंतर जा, शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, लग्नसराईत जाऊच नका. वस्तू चादरीत गुंडाळून न्या. आणि ती कशी वाजायची हे माहीत असलेलं घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला सोबत घेऊन जा.